गार्डन्स बाय द बेचं क्लाउड फॉरेस्ट: ढग वेळापत्रकावर, बाकी काम चोख

सिंगापूरला जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या यादीत गार्डन्स बाय द बे ही बाग असते, आणि तिथे गेलेला प्रत्येकजण तिथल्या क्लाउड फॉरेस्ट या थंड काचघरातल्या धबधब्यापुढे उभा राहून फोटो काढतो. त्यामुळे ‘जावं का?’ याचं उत्तर आधीच देऊन टाकते. जावं. पण नुसतं ‘थंडगार आहे, मस्त आहे’ एवढ्या माहितीवर गेलात तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि तिकीट महाग होतं म्हणाल. नाव क्लाउड फॉरेस्ट आहे. त्या नावातलं किती आत आहे आणि किती नाही, हे ठाऊक असलं की तीच जागा दोन तास पुरते.

माझी पात्रता एवढीच की मी हौसेने ऑर्किड वाढवते. प्रदर्शनात मांडण्याजोगी नाहीत, पण जगतात. आमचे हे निवृत्त होईपर्यंत मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणा बसवत होते. त्यामुळे एकाच काचेच्या घुमटात मी भिंतीकडे बघत होते आणि हे छताकडे. दोघांची मतं खाली एकत्रच येतील, कारण इथे झाडं आणि यंत्रणा वेगळ्या काढताच येत नाहीत.

आधी ‘क्लाउड फॉरेस्ट’ म्हणजे काय ते बघू, कारण रांगेत आमच्या पुढचं कुटुंब याला सरळ ‘रेनफॉरेस्ट’ म्हणत होतं आणि हा गोंधळ सगळीकडेच आहे. रेनफॉरेस्ट, म्हणजे सदाहरित वर्षावन, ओळखायचं ते पडणाऱ्या पावसावरून. क्लाउड फॉरेस्ट, म्हणजे मेघवन, ओळखायचं ते ढग कुठे टेकतो यावरून. दमट वारा डोंगराला धडकून वर चढतो, चढताना गार होतो, आणि एका ठरावीक उंचीवर त्यातल्या वाफेचे थेंब होतात. त्या उंचीवर जे जंगल असतं ते वर्षातला बराच काळ ढगाच्या पोटात असतं. ढग झाडांच्या माथ्यावर नसतो, फांद्यांमधून जात असतो. मोठ्या पर्वतरांगांवर हा पट्टा साधारण १,५०० ते ३,००० मीटरच्या आसपास सापडतो. समुद्रातल्या छोट्या बेटांवर तो पाचशे मीटरवरसुद्धा येतो. म्हणजे कधीमधी धुकं पडणारं कुठलंही जंगल या नावाला पात्र नाही, आणि अॅमेझॉनच्या सखल भागातलं जंगल कितीही घनदाट असलं तरी तेही नाही. हल्ली कॉफीच्या पाकिटांवर, रिसॉर्टच्या पाट्यांवर, साबणावरसुद्धा हे दोन शब्द दिसतात. तिथे त्यांचा अर्थ ‘हिरवं आणि गार’ एवढाच उरलेला असतो.

सिंगापूरमध्ये खरं मेघवन असणं शक्यच नाही. या देशातली सर्वांत उंच जागा म्हणजे बुकिट तिमाह, सुमारे १६४ मीटर. ढग तिथून फार वर असतो. म्हणून त्यांनी डोंगरही बांधला आणि ढगही.

२०१२च्या जूनमध्ये हे काचघर लोकांसाठी उघडलं. जमीन जेमतेम ०.८ हेक्टर, पण घुमट ५८ मीटर उंच, आणि आत ३५ मीटरचा ‘क्लाउड माउंटन’. शेजारचा फ्लॉवर डोम याच्यापेक्षा पसरट आणि कोरड्या हवेचा आहे. तो भूमध्य सागरी प्रदेशासारख्या हवेतली झाडं दाखवतो. क्लाउड फॉरेस्टमध्ये तापमान २३ ते २५ अंश आणि हवेतला ओलावा ८० ते ९० टक्के ठेवतात. डोंगरावर दर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. बाहेर एकतीस अंश धरले तर आत शिरताक्षणी तुम्ही हजार-बाराशे मीटर वर आलात असं समजायला हरकत नाही. यांनी हा हिशेब दारातच केला आणि म्हणाले, “अगं, विजेच्या बिलावर डोंगर चढवतायत आपल्याला.” उंची दाखवायची ही पद्धत मला फार आवडली. चित्र नाही, फलक नाही, थेट अंगावर काटा.

दारातून आत आलं की समोरच धबधबा कोसळत असतो, आणि तुषार चेहऱ्यावर येतात. एके काळी बंदिस्त जागेतला जगातला सर्वांत उंच धबधबा म्हणून याचं नाव होतं. २०१९मध्ये चांगी विमानतळाच्या ज्युएल इमारतीत ४० मीटरचा रेन व्होर्टेक्स नावाचा धबधबा आला आणि तो मान तिकडे गेला. तरी मला हाच बरा वाटतो, कारण याच्या कडेला झाडं वाढतात. इथे सगळे थांबतात. तुम्ही थांबू नका. फोटो परत निघताना काढा, तोवर ही झुंबड पुढे सरकलेली असते. सरळ लिफ्ट गाठा आणि वर जा, कारण ही जागा वरून खाली बघायची आहे.

सर्वांत वरच्या मजल्याला ‘लॉस्ट वर्ल्ड’ म्हणतात. साधारण दोन हजार मीटरच्या आसपासच्या झाडांची ही कल्पना आहे. इथे घटपर्णी आहेत. किडे धरून पचवणाऱ्या या वेलींचं माहेर म्हणजे आग्नेय आशिया. बोर्निओच्या किनाबालू डोंगरावर तर नेपेंथेस राजा नावाची जात आहे, तिच्या घटात लिटरभराहून जास्त द्रव मावू शकतो. डोंगरावरच्या सततच्या ओल्याने मातीतलं नत्र वाहून जातं, म्हणून या वनस्पतींनी ते किड्यांकडून मिळवायचा मार्ग काढला. मुलांसाठी लेगोच्या ठोकळ्यांनी बनवलेल्या मांसाहारी वनस्पतीही ठेवल्या आहेत. मी नाक मुरडलं होतं, पण एक पाच-सहा वर्षांची मुलगी आधी लेगोची घटपर्णी बघून मग खऱ्या घटात वाकून डोकावताना दिसली. तेव्हा ठोकळे असू देत.

माझा जास्तीत जास्त वेळ ऑर्किडपाशी गेला. ज्यांनी कधी ड्रॅक्युला ऑर्किड प्रत्यक्ष पाहिलं नसेल त्यांनी फक्त त्याच्यासाठी इथे यावं. फुलात दिसेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, कारण मांडणी बदलत राहते. मला दिसलं. तीन पाकळ्यांची लांब शेपटं, मधोमध माकडाच्या तोंडासारखं काहीतरी, आणि ओठाची पाकळी थेट अळंबीच्या खालच्या बाजूसारखी. एक्वाडोर आणि कोलंबियाच्या मेघवनांतली ही प्रजाती अळंबीचं सोंग घेते, वासासकट, आणि अळंबीवर घोटाळणाऱ्या बारीक माश्यांकडून परागीभवन करून घेते. १९७८मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लाईल ल्यूअर यांनी तिला स्वतंत्र प्रजातीचा, म्हणजे ‘जीनस’चा, दर्जा दिला. तिचा फुलोरा खाली झुकत जातो, त्यामुळे साध्या कुंडीत लावली तर कळी मातीतच अडते. जाळीच्या टोपलीत टांगावी लागते. आणि मुख्य म्हणजे तिला रात्रीचा गारवा लागतो. सखल भागातल्या उन्हाळ्यात तुम्ही कितीही पाणी फवारा, पानं काळी पडून ती जाते. हौशी माणसाला घरी जे जमणार नाही ते विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, समुद्राच्या पातळीला, हिरवंगार उभं आहे. मला तरी धबधब्यापेक्षा हे आश्चर्य मोठं वाटलं.

वरून खाली उतरायला डोंगराच्या अंगाबाहेर काढलेल्या अधांतरी वाटा आहेत. पायाखाली जाळी असल्याने खालचं दिसतं. उंचीची भीती असेल तर आतल्या बाजूने उतरता येतं. या वाटेवर डोंगराचं अंग अगदी हाताशी येतं: बिगोनिया, नेचे, अँथुरियम, अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड, इतकं दाटलेलं की खालचा सांगाडा दिसत नाही. हात लावू नका, तसं लिहिलंही आहे. मी फक्त वास घेतला. ओल्या पानांचा, थोडा कुबट, खरा वास होता.

आता माझी तक्रार, तीही झाडांची काळजी घेणाऱ्यांबद्दल नाही, मांडणीच्या कल्पनेबद्दल. खऱ्या मेघवनात हे सगळं झाडांच्या अंगाखांद्यावर वाढतं. वाऱ्यामुळे आणि उन्हाच्या कमतरतेमुळे तिथली झाडं बुटकी, वाकडीतिकडी होतात. जितकं वर जावं तितकी आणखी खुजी, पानं छोटी आणि जाड. आणि प्रत्येक फांदीवर शेवाळाचा जाड कोट चढलेला. नेचे, ऑर्किड, ब्रोमेलियाड त्या शेवाळात मुळं रोवून बसतात. इथे तळाशी झाडं आणि वृक्षनेचे आहेत, पण डोंगरावर जे काही वाढतंय ते बांधलेल्या भिंतीच्या खाचांमध्ये वाढतंय. सगळे भाडेकरू आहेत, वाडा नाही. शिवाय दक्षिण अमेरिकेचं ऑर्किड आणि आग्नेय आशियाची घटपर्णी एका डोंगरावर नांदतात. जगात असा डोंगर कुठेच नाही. संग्रहालय म्हणून ते क्षम्य आहे. फक्त लहान मुलांना ‘जंगल असं असतं’ असं सांगू नका.

दुसरी गोष्ट ढगाची. ठरावीक वेळी नळ्यांमधून बारीक फवारा सुटतो, डोंगराच्या कडा पांढऱ्या होतात, लोक ‘आहा’ करतात आणि काही मिनिटांत सगळं विरतं. दिसायला सुरेखच. फवाऱ्याच्या वेळा आधी बघून ठेवा आणि तेव्हा वरच्या वाटेवर असा. खालून त्यातली निम्मी मजा येत नाही. पण या दृश्यात मेघवनाचं मूळ काम नेमकं उलटं होऊन बसतं. इथे ढग येऊन झाडांना पाणी देतो. तिथे झाडं ढगाकडून पाणी काढून घेतात.

हे जरा सविस्तर सांगते, कारण या नावाचं सगळं मोल त्यात आहे. ढगातले थेंब इतके हलके असतात की ते पाऊस म्हणून खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर आडवे वाहतात. वाटेत पान, फांदी, शेवाळ आलं की त्यावर अडकतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि टपटप खाली येतात. पर्जन्यमापकात पावसाचा थेंबही नसताना झाडाखाली जमीन भिजलेली असते. काही ठिकाणी कोरड्या महिन्यांत ओढे चालू राहतात ते या गळत्या पाण्यावर. होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा हिच्या पाण्याचा मोठा वाटा शेजारच्या ला टिग्रा मेघवनातून येतो. झाडं तोडली की ढग तसाच येतो आणि तसाच निघून जातो, अडवायला कुणी नसतं.

याचं मला आवडणारं उदाहरण उष्ण कटिबंधाबाहेरचं आहे. कॅनरी बेटांपैकी एल हिएरो या बेटावर गारोए नावाचं एकच झाड होतं. त्याच्या पानांवरून गळणारं धुक्याचं पाणी लोक खालच्या खड्ड्यांत साठवून पीत. १६१०च्या वादळात ते पडलं. १९४९मध्ये त्याच जागी त्याच जातीचं दुसरं झाड लावलं, तेही पाणी देतं. एक झाड, कुठलंही यंत्र नाही. सिंगापूरच्या घुमटात कुठेतरी एक वाकडी शेवाळलेली फांदी, तिच्यावर सोडलेला ढग आणि खाली भरत जाणारं एक भांडं ठेवलं असतं, तर मी धबधब्याकडे बघितलंसुद्धा नसतं.

यंत्रणेबद्दल मात्र माझ्या नवऱ्याचं भाषण ऐकण्यासारखं आहे. थोडक्यात देते. काचघर म्हटलं की उष्णता आत कोंडणारच, आणि ते थंड देशांत हवंच असतं. इथे उलटी गरज. म्हणून ऊन आत येईल पण तापवणारे किरण कमी येतील अशी काच वापरली आहे, आणि ऊन वाढलं की वरचे पडदे आपोआप पसरून सावली धरतात. पूर्ण घुमट थंड करायचा नाद त्यांनी केलेलाच नाही. माणसं आणि झाडं जिथे आहेत तिथपर्यंतच गारवा पुरवायचा, गरम हवा आपोआप वर जमते, तिला वरून बाहेर काढायची. शेजारच्या फ्लॉवर डोममध्ये हवेतला जादा ओलावा शोषून घेणारं द्रावण वापरतात, ते पुन्हा सुकवायला लागणारी उष्णता बॉयलरमधून येते, आणि बॉयलरमध्ये जळतो तो सिंगापूरच्या बागा आणि रस्त्यांवरच्या झाडांच्या छाटणीचा पालापाचोळा. बाहेर जे सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे अवाढव्य मनोरे, दिसतात त्यांतल्या काहींच्या पोटातून या सगळ्याची धुरांडी निघतात. आर्किटेक्ट विल्किन्सन आयर, बागेची आखणी ग्रँट असोसिएट्स यांची. या दोन काचघरांना २०१२चा ‘वर्ल्ड बिल्डिंग ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. आत एकही खांब नाही, हे मला यांनी तीनदा दाखवलं.

उतरताना डोंगराच्या पोटात काही दालनं लागतात. ‘क्रिस्टल माउंटन’मध्ये लवणस्तंभ आणि खनिजं आहेत. चांगली आहेत, पण मेघवनाशी त्यांचा संबंध ओढूनताणून आणलेला वाटतो. मी तिथून लवकर निघाले. सर्वांत खालची दालनं मात्र चुकवू नका. बहुतेक लोक तिथे पोहोचेपर्यंत दमलेले असतात आणि बाहेरचा रस्ता शोधत असतात. ‘अर्थ चेक’ आणि ‘प्लस फाइव्ह डिग्रीज’ या जागा पृथ्वी तापत गेली तर काय होईल ते दाखवतात. पाच अंश हा आकडा वर डोंगरावर घालवलेल्या तासाभरामुळे अंगाला कळतो: आत आणि बाहेर साधारण एवढाच तर फरक आहे.

मेघवनाच्या बाबतीत तापमानवाढीचा अर्थ फार साधा आणि क्रूर आहे. हवा तापली की ढग बनण्याची उंची वर सरकते. मग जंगलानेही वर सरकायला हवं. पण डोंगराला शेंडा असतो. पायथ्याची झाडं तोडल्यानेही वर चढणारी हवा कोरडी होऊन ढग आणखी वर जातो, हे कोस्टा रिकात अभ्यासलं गेलं आहे. तिथल्याच मोंतेवेर्देच्या मेघवनातला झगझगीत नारिंगी सोनेरी भेक १९६६मध्ये शास्त्राला कळला आणि १९८९नंतर कुणालाच दिसला नाही. त्याच्या जाण्यामागे कोरडे दिवस किती आणि बुरशीचा रोग किती यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण तो गेला हे नक्की. जगातल्या जमिनीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भागावर ही जंगलं उरली आहेत. निलगिरीतली शोला जंगलं याच कुळातली. बेडूक, पक्षी, वाऱ्याचा आवाज यांतलं काहीच घुमटात नाही. पाण्याचा आवाज मात्र इतका आहे की ते पटकन लक्षात येत नाही.

‘सीक्रेट गार्डन’ हा तळाचा ओला, अंधारलेला कोपराही मला आवडला. चुनखडीच्या खडकांवर वाढणारी बारकी झाडं, छोटे बिगोनिया, काहींची पानं निळसर चमकणारी. कॅमेऱ्यात ती चमक येत नाही. गुडघे साथ देत असतील तर जरा खाली वाका.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. बेफ्रंट मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. परदेशी पाहुण्यांसाठी तिकीट रहिवाशांपेक्षा महाग आहे. दोन्ही काचघरांचं एकत्र तिकीट घेणार असाल तर आधी फ्लॉवर डोम करा, नाहीतर क्लाउड फॉरेस्टनंतर तो फिका वाटतो. महिन्यातून एखादा दिवस देखभालीसाठी बंद असतो, तो आधी तपासा. बाहेरच्या उकाड्यातून सुती कपड्यांत येता आणि आत घाम गार होतो, म्हणून ज्येष्ठांसाठी एक पातळ शाल ठेवा. जमीन ओली असते, चप्पल न घसरणारी हवी. व्हीलचेअरवाल्यांना लिफ्टमुळे बरंच काही बघता येतं. बाहेर पडताना चष्मा आणि कॅमेऱ्याची काच क्षणात धुरकट होते. पुसत बसू नका, पुन्हा होते. दोन मिनिटं थांबलं की आपोआप उडतं.

आणि ज्यांना हे बघून खरं मेघवन बघायची इच्छा होईल त्यांना फार लांब जावं लागत नाही. मलेशियातल्या कॅमेरन हायलँड्समध्ये ब्रिंचांग डोंगर दोन हजार मीटरच्या थोडा वर आहे, आणि तिथल्या जंगलाला सगळे ‘मॉसी फॉरेस्ट’ म्हणूनच ओळखतात. वाकडी झाडं, शेवाळाचे कोट, फांद्यांवर बसलेली घटपर्णी, वर लिहिलं तसं. तिथे ढगाची वेळ मात्र कुणी सांगू शकत नाही.

गुण: माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक त्या न ठेवलेल्या शेवाळलेल्या फांदीसाठी. यांच्याकडून पाचपैकी पाच, पण यांनी झाडांकडे बघितलेलंच नाही.